एक पाय कमजोर आहे, मग उडी कशी बसणार?

दापोली-गुहागर पट्ट्यातले व्हॉलीबॉल खेळणारे मुलगे-मुली हल्ली माझ्याकडे एकच धास्ती घेऊन येतात. (मी खेळाडूंच्या मनाच्या बाजूवर काम करते.) शिबिरात कुणीतरी एकेका पायावर उड्या मारायला लावतं, दोन्ही पायांतल्या फरकाचा आकडा सांगतं आणि निघून जातं. आकडा मात्र पोराच्या डोक्यात राहतो.

बारावीतली एक मुलगी, उजव्या हाताची स्मॅशर, म्हणजे नेटजवळ उडी घेऊन बॉल जोरात खाली मारणारी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) डाव्या पायावर उडी १८ सेंटिमीटर, उजव्यावर १६. म्हणजे ११ टक्के फरक. आई म्हणाली, "अहो मॅडम, हिचा पाय अधू आहे म्हणे. खेळ बंद करू का?"

फिजिओथेरपिस्टने आधीच तपासलं होतं. दुखणं नाही, सूज नाही, जुनी दुखापत नाही. तरी तिची दोन पायांवरची उडीही खाली आली होती.

"रनअप घेताना काय बघतेस?"

"उजवा पाय नीट पडतोय का ते."

"आणि बॉल?"

ती गप्प. लक्ष पायात अडकलं की हातांचा झोका मरतो, बॉलला पोचायला उशीर होतो. पाय होता तसाच होता. उडी खाल्ली होती ती त्या आकड्याला तिने लावलेल्या अर्थाने. माझं सगळं काम या अर्थापाशीच चालतं.

मी तिला समजावत बसले नाही. म्हटलं, बोटांना खडू लाव, पडवीच्या भिंतीवर आठवडाभर दोन्ही पायांच्या तीन-तीन उड्यांच्या खुणा कर आणि वहीत लिही.

पुढच्या खेपेला वही उघडली ती तिनेच. डावा-उजवा असे दोन रकाने, कडेला खडूचे ठसे. एका ओळीवर बोट थांबलं. "मंगळवारी उजवा पुढे आहे." मग खाली. "शुक्रवारी दोन्ही सारखे." बराच वेळ ती वहीकडे बघत राहिली. "म्हणजे मॅडम, तो आकडा त्या दिवसाचा होता."

हे वाक्य मी पहिल्याच भेटीत सांगू शकले असते, पण माझ्या तोंडून ते तिला धीर दिल्यासारखं वाटलं असतं. अशा वेळी गप्प राहणं मला जमतं.

आईला विचारलं, "नारळ पाडायला येणाऱ्या पाडेल्याचे दोन्ही दंड सारखे असतील का हो?" त्या हसल्या. उजव्या हाताचा स्मॅशर शेवटच्या दोन पावलांत आधी उजवा, मग डावा पाय टेकवतो. दोघांची कामं वेगळी, आणि उतरताना पुष्कळ जण एकट्या डाव्यावर येतात. थोडा फरक राहणारच. १०-१५ टक्क्यांपुढचा फरक काळजीचा, अशी जी रेघ सांगतात, ती अंदाजाची आहे. चाचणी बदलली की कधी कमजोर पायही बदलतो.

म्हणून फरक दुर्लक्षायचा असं नाही. तो दर वेळी त्याच बाजूला आणि मोठा येत असेल, गुडघ्याच्या वाटीखाली दुखत असेल, किंवा लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली असेल, तर फिजिओकडे जाच. एरवी एका पायावरचे स्क्वॉट, पायरी चढणं-उतरणं आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. सुरुवात कच्च्या बाजूने करावी. आणि नेटजवळ दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरायची सवय लावावी.

शिबिरं घेणाऱ्या सरांना एक विनंती: आकडा सांगाल तेव्हा त्याचं पुढे काय करायचं, तेही त्याच दमात सांगा. तेवढं केलंत, तर निम्मी पोरं माझ्यापर्यंत येणारच नाहीत.