मालवणला जा, पण पावसाळा हिशेबात धरून

प्रश्न: वय ४३, पुण्यातल्या कंपनीत विक्रीप्रमुख. पत्नी शिक्षिका, पगार ५२ हजार. मुलगी नववीत. घरखर्च ९० हजार, त्यात गृहकर्जाचा हप्ता २४ हजार. कर्ज १७ लाख बाकी. इक्विटी फंडांत ६२ लाख, मुदत ठेवी १५ लाख, पीएफ २६ लाख. नोकरी सोडून मालवणला सागरी संवर्धन आणि पाण्याखालचं छायाचित्रण करायचं आहे. कॅमेऱ्याला ७ लाख, पुढे महिना ४० हजार कमाई धरली आहे. जमेल?

उत्तर: जमेल, आणि तुम्ही जावं असंच मला वाटतं. फक्त ४० हजारांचा आकडा खोडा. जून ते सप्टेंबर मालवणात डायव्हिंग बंद असतं, बोटी वर ओढलेल्या असतात. उरलेल्या आठ महिन्यांतही पाणी त्यातल्या त्यात नितळ असतं ते थंडीत. पहिल्या दोन वर्षांची कमाई शून्य धरा.

आता तूट बघू. ठेवी मोडून आणि फंडांतले २ लाख घालून कर्ज फेडून टाका. घरखर्च ६६ हजारांवर येतो, पत्नीच्या पगाराला १४ हजार कमी पडतात. मालवणची खोली, बोटभाडं, जाणं-येणं, विम्याचे हप्ते असे ३० हजार धरले, तर महिना ४४ हजार, वर्षाला सव्वापाच लाख. फंडांतल्या ६० लाखांतून मुलीच्या शिक्षणाचे २० लाख वेगळे काढले तरी, कर भरून, सहा-सात वर्षं निभावतील. पीएफला हात लावायचा नाही. मुलीचे पैसे आणि तीन वर्षांची तूट इक्विटीतून आत्तापासून बाहेर काढायला लागा, पण दोन-तीन आर्थिक वर्षांत विभागून. दीर्घकालीन नफ्यावरची सव्वा लाखाची करसूट दर वर्षी मिळते.

सात लाखांचा कॅमेरा मात्र आत्ता नको. पाण्याखालचं हाउसिंग, म्हणजे कॅमेरा ठेवायची जलरोधक पेटी, त्या एकाच मॉडेलला बसतं. कॅमेरा बदलला की तेही गेलं. पेटी बंद करणाऱ्या रबरी कड्यावर, म्हणजे ओ-रिंगवर, डोक्याचा एक केस राहिला तरी खारं पाणी आत शिरतं. शिवाय मालवणच्या पाण्यात गाळ असतो. स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, मारला की प्रत्येक कण चमकतो आणि लांबून टिपलेलं दृश्य पांढऱ्या ठिपक्यांनी भरतं. तिथे जवळून टिपलेले छोटे जीवच चांगले येतात, आणि त्यासाठी लाख-सव्वा लाखातला कॉम्पॅक्ट कॅमेरा आणि हाउसिंग पहिल्या दोन हंगामांना पुरे.

तुमची खरी किंमत कॅमेऱ्यात नाही, विक्रीच्या अनुभवात आहे, हे मी जोर देऊन सांगतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. मच्छीमारांशी बोलून, त्यांचा रोजगार सांभाळून काम करणारी माणसं आजही कमीच आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवं वाचवण्याचं काम टिकलं, कारण कासवं बघायला येणाऱ्यांमुळे गावातल्या घरांना चार पैसे मिळू लागले. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात आणि पर्यावरण त्यात बसतं. छोट्या संस्थांना या पैशांसाठीचा प्रस्ताव नीट लिहिता येत नाही, कंपनीच्या दारात कोणाला भेटायचं तेही ठाऊक नसतं. तुम्हाला दोन्ही येतं. पावसाळ्याचे चार महिने हेच मानधनावर करा.

विम्याचं काम राजीनाम्याआधी उरका. नोकरी सुटली की कंपनीचा मेडिक्लेम संपतो. नेहमीच्या आरोग्य विम्यात व्यावसायिक म्हणून केलेलं स्कूबा डायव्हिंग वगळलेलं असतं, म्हणून डायव्हिंगचा अपघात विमा वेगळा घ्या. टर्म प्लॅनही पगाराची स्लिप हातात आहे तोवर घ्या, आणि अर्जात डायव्हिंग लपवू नका. लपवलंत तर दावा नाकारला जाऊ शकतो.

एक गोष्ट खटकली. हा सगळा हिशेब पत्नीच्या ५२ हजारांवर उभा आहे आणि तुमच्या पत्रात त्यांचं मत एका ओळीतही नाही. पुण्यातलं घर आणि मुलीची दहावी त्यांच्या एकटीवर येणार आहे. हा कागद त्यांच्यासमोर ठेवा, त्यांना आणखी किती वर्षं नोकरी करायची आहे ते विचारा. त्या तयार असतील तर राजीनामा जुलैत द्या, म्हणजे तीन महिन्यांची नोटीस संपताना हंगाम सुरू होतो. नसतील, तर यंदा ऑक्टोबरपासून जमेल तेवढी बिनपगारी रजा मागा.