आजीला सालं आठवत नाहीत

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळची कराडजवळच्या एका गावातली, नोकरीसाठी पुण्यात असते. माझी आजी (वडिलांची आई) ९२ वर्षांची आहे. कान जरा जड झालेत, बाकी डोकं लख्ख. आम्ही नातवंडांनी ठरवलं की तिच्या आयुष्यावर घरच्यापुरतं एक छोटं पुस्तक करायचं. गणपतीत सगळे जमलो तेव्हा तिला खुर्चीत बसवलं, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं आणि म्हटलं, "आजी, तुझ्या आयुष्याबद्दल सांग." ती म्हणाली, "माझं काय सांगायचं? रांधा, वाढा, उष्टी काढा. झालं." सगळं मिळून चार मिनिटं भरलं, त्यातली दोन मिनिटं ती मला 'जेवलीस का' विचारतेय. साल विचारलं की "मला नाही बाई ठाऊक", नाहीतर "भूकंप झाला तेव्हा तुझी आत्या सहा महिन्यांची होती" असलं काहीतरी. वडील म्हणतात, वंशावळीत तिचं नाव आहे, तेवढं पुरे. अशा आयुष्यात लिहिण्यासारखं खरंच काही नसतं, की आम्हाला विचारता येत नाही?

उत्तर : विचारता येत नाही. माझ्या नातीच्या वयाची आहेस म्हणून तू म्हणते आणि स्पष्ट बोलते. ज्या बाईला सत्तर वर्षांत कुणी 'तुला काय वाटतं' हे विचारलं नाही, तिला एकदम खुर्चीत बसवून 'आयुष्याबद्दल सांग' म्हटलं तर ती दुसरं काय सांगणार?

मी तुझ्यापेक्षा मोठी चूक केलेली आहे. माझ्या सासूबाई २००९ साली गेल्या. तेराव्याला वाटायला आम्ही चार पानी पुस्तिका छापली. घरात मराठीची शिक्षिका मी, म्हणून मजकूर माझ्याकडे आला. प्रेमळ, कष्टाळू, सुगरण, सोशिक, आल्यागेल्याचं मनापासून करणाऱ्या. वर गल्लीतल्या कुठल्याही बाईचा फोटो लावला असता तरी मजकूर चालून गेला असता. वाचून लोकांनी डोळे पुसले, आणि मलाही वाटलं की छान लिहिलंय.

पुढे सहा महिन्यांनी माळा आवरायला काढला. पोत्यात गुंडाळलेली पितळेची भांडी खाली आली. त्यात एक झाकणाचा डबा होता, काळवंडलेला. चिंच-मीठ लावून घासला तेव्हा गळ्याशी टिंबाटिंबांची अक्षरं उमटली. लग्नातला आहेर, मामांकडून, तारीख, आणि एक नाव. ते नाव मी कधी ऐकलंच नव्हतं. मिस्टरांना विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं. शेवटी मामेसासऱ्यांना फोन केला तेव्हा कळलं की ते सासूबाईंचं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि जुनं त्या डब्यावर राहिलं. चौतीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली स्वयंपाक केला. एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून पहिलं काम सांगते. मोबाइल राहू दे, आधी घरातली भांडी उलटी करून बघ. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत होती. कुणी दिलं, कुणाला, कशानिमित्त आणि कधी. लग्न, मुंज, बारसं, डोहाळजेवण, सगळ्याच्या तारखा तुला तिथे सापडतील, आणि देणाऱ्यांच्या नावांवरून माहेरचा गोतावळासुद्धा कळेल. आजीला जवळ बसव आणि एकेक भांडं तिच्या हातात दे. 'हे कुणी दिलं?' याचं उत्तर तिला देता येतं. त्या उत्तराला शेपटं फुटतात, ती तू ऐकायची.

नाव नसलेली भांडी बाजूला टाकू नकोस. त्यांतली पुष्कळशी बोहारणीकडून घेतलेली निघतील. एका स्टीलच्या पातेल्यापायी कुठली साडी गेली, किती घासाघीस झाली, बोहारीण 'अजून एक शर्ट द्या ताई' म्हणून कशी उठून निघाल्यासारखं करायची, हे तुझी आजी तुला अभिनयासकट सांगेल. पैज लावते.

आता सालांचं. आजीला सालं आठवत नाहीत असं तू म्हणतेस आणि त्याच वाक्यात तिने सांगितलेली तारीख मला लिहून पाठवतेस! कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला झाला, पहाटे सव्वाचारच्या सुमारास. तुझ्या आत्या तेव्हा सहा महिन्यांच्या, म्हणजे जन्म जूनच्या मागेपुढे. त्यांचा शाळेचा दाखला काढून बघ. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकलेली. आत्यांच्या दाखल्यावर १ जून १९६७ असेल तर मास्तरांचा दगड बरोबर आंब्याला लागला म्हणायचा.

घरात राबणाऱ्या बाईचं कॅलेंडर वेगळं असतं. त्यात बाळंतपणं असतात, दुखणी असतात, आणि जे काही बाहेरून थेट स्वयंपाकघरात शिरलं ते असतं. तुला फक्त त्या खुंट्या माहीत हव्यात. नवे पैसे आले ते १ एप्रिल १९५७ ला. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले, एका आण्याला सव्वासहा. त्या पाव पैशावरून वाण्याशी झालेली हुज्जत आजीला हमखास आठवत असेल. पुण्यातलं कुणी नातेवाईक असेल तर 'पानशेत फुटलं तेव्हा' हे येईलच, ते १२ जुलै १९६१. 'सोमवारी रात्री चूल पेटवायची नाही' असं म्हणाली तर ते १९६५, शास्त्रीजींनी एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं होतं तेव्हाचं. रेशनवरचा लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) आणि त्याच्या मोडणाऱ्या भाकऱ्या म्हणजे १९७२ चा दुष्काळ. तिने घटना सांगायची, साल तू लावायचं.

माझ्या आईच्या लग्नाचं साल आम्ही भावंडांनी असंच हुडकलं. पत्रिका नाही, फोटो नाही. आई एवढंच सांगायची की लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याला आम्ही जोडीने माहेरी गेलो आणि अनारसे घेऊन परत येताना वाटेतल्या गावांत झेंडे लागले होते. भावाने जुनं पंचांग पाहिलं. १५ ऑगस्ट १९४७ ला अधिक श्रावण चालू होता, संपायला एखादाच दिवस बाकी होता. अधिक महिना साधारण पावणेतीन वर्षांनी येतो. तेव्हा लग्न १९४५, ४६ किंवा ४७ च्या सराईतलं. पुढे गाडी अडली. मग मी विचारलं, "आई, धोंड्याच्या आधी सासरी संक्रांती किती झाल्या?" ती भाजी चिरत होती, मान वर न करता म्हणाली, "एकच. हलव्याचे दागिने घातले ती." म्हणजे १९४६ चा उन्हाळा. आम्ही दोघं टाळ्या पिटायला लागलो, आणि ती म्हणाली, "मग आधीच विचारायचं होतं की, किती संक्रांती झाल्या म्हणून."

भाजी चिरत होती, हेही ध्यानात घे. या बायका हात मोकळे असले की गप्प होतात. आजीपुढे शेंगा ठेव, लसूण ठेव, निवडायला तांदूळ दे, आणि तूही सोबत निवडायला बस. कान जड आहेत म्हणतेस, तर शेजारी नको, समोर बस, म्हणजे तिला तुझे ओठ दिसतील. फोन लावायचा तर तिला सांगून लाव, पण नजरेसमोर नको. आणि एका वेळी अर्धा तास, फार झालं तर पाऊण.

एक नाजूक गोष्ट आहे. तू 'मुलं किती' विचारशील, ती 'चार' म्हणेल. त्या पिढीत झालेली आणि राहिलेली यांत पुष्कळदा फरक असायचा. ती आपण होऊन बोलली तर ऐक. खोदून विचारू नकोस, आणि त्या वेळी रेकॉर्डिंग बंद कर. माझ्या सासूबाई एका गेलेल्या मुलीबद्दल आयुष्यात एकदाच बोलल्या, तेही पावसात लाइट गेली होती तेव्हा. पुस्तकात काय जाणार हे ठरवायचा हक्क तिचा आहे. लिहून झालं की तिला मोठ्याने वाचून दाखव. ती 'हे काढ' म्हणाली की काढायचं, कितीही छान लिहिलेलं असलं तरी.

वडिलांशी वाद घालू नकोस. फक्त ती वंशावळ आण आणि त्यात आजीचं माहेरचं नाव, तिच्या आईचं नाव, गेला बाजार तिचं गाव तरी सापडतं का ते त्यांनाच शोधायला सांग. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं आता महाराष्ट्रात सक्तीचं झालंय. आजीच्या वेळी गावच्या कोतवाल बुकात जन्माची नोंद झालीच तर बापाच्या नावाखाली, आणि बाळाच्या नावाची जागा बहुधा कोरी. तरीसुद्धा ती नोंद शोध. तिच्या माहेरच्या तालुक्याला तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ (म्हणजे तेच कोतवाल बुक) माग. एक-दोन खेपा होतील.

आणि हो, स्वयंपाकघराच्या भिंती, कपाटांच्या दारांच्या आतल्या बाजू बघितल्यास का? सासूबाई ओट्याखालच्या कपाटाच्या दारावर आतून पेन्सिलीने सिलिंडर लावल्याची तारीख लिहायच्या. दुधाचे खाडे, धोब्याचे कपडे, सगळं तिथेच. घराला रंग काढला तेव्हा रंगाऱ्याने ते दार घासून त्यावर पांढरा ऑइलपेंट मारला. त्याची काही चूक नाही, मीच 'आतूनही मारा' म्हणाले होते. मला त्यातली एकच ओळ पाठ आहे, कारण दर वेळी सिलिंडर बदलताना ती समोर यायची : 'सिलेंडर ता. १९. माई गेली ता. २३. दूध २ दिवस नाही.' माई म्हणजे त्यांची थोरली बहीण. तू गावी गेलीस की आधी मोबाइलने दारांचे फोटो काढ.

प्रश्न : माझी आजी (आईची आई) ८६ वर्षांची आहे. तिचा काळा मसाला मला लिहून ठेवायचा आहे. प्रमाण विचारलं की 'अंदाजाने', 'मूठभर', फार झालं तर 'मापटंभर' म्हणते. कसं करू? – एक नातू, नाशिक

उत्तर : विचारूच नका. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, त्यावर परात ठेवा, काटा शून्यावर आणा आणि आजींना म्हणा, घाला. प्रत्येक मुठीनंतर आकडा टिपा. तुमची मूठ आणि त्यांची मूठ एक नाही, तेव्हा त्यांच्याच हाताने घालू द्या. मापटं म्हणजे अर्धा शेर. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पण हे भरून मोजायचं माप आहे, वजनाचं नाही. मापटंभर धने आणि मापटंभर खोबऱ्याचा कीस काट्यावर सारखे भरणार नाहीत, म्हणून प्रत्येक जिन्नस वेगळा तोला. ते जुनं मापटं घरात असेल तर तेही जपून ठेवा.

भाजण्याची वेळ घड्याळावर लावू नका. आजी नाक पुढे करून 'आता उतर' म्हणतील, तेव्हा कढईत रंग कसा आहे त्याचा फोटो घ्या. मीठ आणि हिंग मात्र त्या तुमचं लक्ष नसताना टाकून मोकळ्या होतात, तिथे जरा चपळ राहा.