मेंदूतला ब्रेक आणि त्याला दिलेली वीज

प्रश्न : माझ्या वडिलांना नऊ वर्षांपासून कंपवात (पार्किन्सन) आहे. औषधाचा परिणाम आता फार वेळ टिकत नाही, म्हणून डॉक्टरांनी ‘सबथॅलॅमिक न्यूक्लियस’मध्ये इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. हा भाग हालचालींना आवर घालतो, असे मी वाचले. मग ज्यांची हालचाल आधीच मंदावली आहे, त्यांच्या याच भागाला वीज देऊन उपयोग कसा होतो?
– एक वाचक

उत्तर : आपल्या शंकेतच निम्मे उत्तर दडलेले आहे. सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा थॅलॅमसच्या, म्हणजे मेंदूच्या मध्यभागी असलेल्या संदेश पुढे पाठवणाऱ्या केंद्राच्या खाली, मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांत एकेक असलेला, दोन्ही बाजूंनी फुगीर भिंगाच्या आकाराचा आणि जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा चेतापेशींचा पुंजका आहे. फ्रेंच वैद्य ज्यूल बर्नार लुईस यांनी 1865 मध्ये त्याचे वर्णन केले. पण तो करतो काय, हे लक्षात आले ते बिघाडातूनच. 1927 मध्ये जेम्स पर्डन मार्टिन यांनी दाखवून दिले, की एका बाजूच्या या पुंजक्याला इजा झाली, तर शरीराच्या विरुद्ध बाजूचे हातपाय रुग्णाच्या मनात नसताना जोरजोराने फेकले जातात. स्वस्थ बसणे हेही मेंदूला करावे लागणारे कामच आहे, हे यातून कळते.

हा ब्रेक लागतो तो आडवळणाने. या पुंजक्यातल्या पेशी ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाच्या साहाय्याने ग्लोबस पॅलिडस या मेंदूच्या खोल भागातल्या दुसऱ्या पुंजक्याच्या आतल्या भागाला चेतवतात, तो भाग थॅलॅमसला दाबून धरतो आणि मग थॅलॅमसकडून मेंदूच्या बाह्यपटलाला मिळणारे प्रोत्साहन कमी होते. कंपवातात मेंदूच्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या, डोपामाइन हे संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होत गेल्या, की या पुंजक्यावरचा अंकुश सुटतो आणि तो गरजेपेक्षा जास्त, शिवाय एका ठरावीक लयीत अडकून संदेश सोडू लागतो. थोडक्यात, वडिलांच्या मेंदूत ब्रेक तुटलेला नाही, तो दाबलेलाच राहिला आहे. कंपवातासारखी अवस्था निर्माण केलेल्या माकडांमध्ये हा पुंजका निकामी केल्यावर ती पुन्हा मोकळेपणाने हालचाल करू लागली, हे 1990 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी ग्रनोबल येथे आलीं-लुई बेनाबिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशी न मारता तिथे वीज देण्याचा मार्ग अवलंबला. सेकंदाला साधारण 130 वेळा दिलेले हे सूक्ष्म झटके त्या बिघडलेल्या लयीचा पगडा मोडतात. म्हणजे नावाला उत्तेजन असले, तरी परिणाम बराचसा शांत करण्याचा; हे नावच गोंधळात टाकणारे आहे, असे माझे मत आहे.

नेमकी जागा गाठणे हे यातले खरे कौशल्य. अनेक ठिकाणी रुग्णाला जागे ठेवून, अतिसूक्ष्म इलेक्ट्रोड आत सरकवत पेशींचे विद्युत्संकेत स्पीकरवर ऐकले जातात. वरच्या पट्ट्यात आवाज विरळ असतो. पुंजक्यात शिरताच तो एकदम दाट, खरखरीत होतो आणि रुग्णाचे मनगट हलवले की त्यात चढउतार ऐकू येतात. इलेक्ट्रोड बाहेरच्या बाजूला सरकला, तर शेजारच्या चेतातंतूंपर्यंत वीज पोहोचून चेहरा किंवा हात ओढला जातो. आतल्या बाजूला गेला, तर एका वस्तूच्या दोन दिसू लागतात. पुंजक्याचा मागचा-वरचा भाग हालचालींशी, तर पुढचा-आतला भाग भावनांशी जोडलेला असल्यामुळे काही रुग्णांत उतावळेपणा किंवा मनःस्थितीतले बदलही दिसतात. शस्त्रक्रियेनंतर असे काही जाणवल्यास ते स्वभावावर न ढकलता डॉक्टरांच्या कानावर घालावे.

उपयोग कितपत होईल, याचा अंदाज आधी घेता येतो. रात्रभर औषध बंद ठेवून सकाळी हालचाली तपासतात आणि मग लेव्होडोपा या कंपवातावरच्या औषधाची मात्रा देऊन पुन्हा तपासतात. जो ताठरपणा, जी मंदगती औषधाने सुधारते, ती बहुधा विजेनेही सुधारते. कंप याला अपवाद आहे, कारण औषधाला दाद न देणारा कंपही अनेकदा थांबतो. तोल जाणे आणि अस्पष्ट बोलणे यांबाबत मात्र फार आशा धरू नये. बोलणे तर काहींच्या बाबतीत अधिकच बिघडते.