गाळा नंतर बघा, आधी ती एक वर्षाची अट काढा

मिरजेहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी 19 वर्षांची. बारावी विज्ञानला 64 टक्के, नीट दोनदा दिली, जमलं नाही. सध्या ओळखीच्या डेकोरेटरकडे सहा महिने जाते आहे आणि आता फुलांचंच काम करायचं म्हणते. वडील लिहितात: 'आम्ही विरोध केलेला नाही. मेन रोडला गाळा बघितला आहे, पाच लाख डिपॉझिट भरतो, काउंटर, काचेचा फ्रीज सगळं करून देतो. वर्षभरात दुकान चाललं तर ठीक, नाहीतर लग्न करायचं, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे. काम नाजूक आहे, मुलींना शोभणारं आहे, घर सांभाळून होईल. पुण्यात कुठला कोर्स चांगला? आणि स्थळांना काय सांगायचं?'

नमस्कार,

तुमच्या पत्रात मुलीच्या गुणांची मला काही काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती 'कबूल करून घेतलं आहे' या शब्दांची. पाच लाख पुढे करायचे आणि त्याच हातानं मुदतीचा कागद पुढे सरकवायचा, याला पाठिंबा म्हणत नाहीत. नीट दोनदा हुकलेली मुलगी त्या वेळी कशालाही हो म्हणाली असती.

बरं, अट घातलीत ती निदान धंदा बघून तरी घालायची. फुलांच्या धंद्यात बारा महिने सारखे नसतात. श्रावणापासून उठाव सुरू होतो, गणपतीत हातांना उसंत नसते, लगेच पितृपक्षात पंधरा दिवस शुकशुकाट. दसऱ्याला झेंडूचा भाव सकाळी एक, दुपारी दुसरा, आणि संध्याकाळी उरलेला माल रस्त्यावर टाकून द्यायची पाळी. लग्नाची कामं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की थांबतात. मध्येच अधिक मास आला की मुहूर्तच नाहीत. 2026 मध्ये तो ज्येष्ठात आहे, म्हणजे ऐन मे-जूनमधला महिना कोरडा. शिवाय लग्नाचं काम मिळतं ते आधीचं काम कुणीतरी डोळ्यांनी बघितलं म्हणून, आणि ते ठरतं तीन-चार महिने अगोदर. पहिल्या वर्षी प्रत्येक हंगाम एकेकदाच दिसतो. त्यात नफा दाखव म्हणणं म्हणजे निकाल आधीच लिहून ठेवणं झालं. ती अट आजच काढा, आणि काढली हे तिला तोंडानं सांगा.

आता 'नाजूक काम'. हा गैरसमज नीट मोडायला हवा, कारण गाळा, फ्रीज, 'घर सांभाळून' हे सगळं त्याच्यावरच उभं आहे. मंडईत चांगला माल पहाटे असतो; पुण्यात गुलटेकडीला काय किंवा मुंबईत दादरला काय, उजाडेपर्यंत निवडक माल गेलेला असतो. पाणी भरलेली 20 लिटरची बादली 20 किलोची, आणि अशा दहा-बारा रोज रिकाम्या करून, घासून, पुन्हा भरायच्या. सजावटीत फुलं खोचायचा हिरवा फोम कोरडा असताना कापसासारखा हलका असतो, पण एक वीट भिजली की जवळपास दोन किलो होते. स्टेजला तीस विटा लागल्या तर साठ किलो ओलं वजन शिडीवरून वर न्यायचं. हॉल ताब्यात मिळतो तो आधीचं रिसेप्शन उठल्यावर, रात्री अकरा-बाराला, आणि सकाळी सनई सुरू व्हायच्या आत झाडूसुद्धा मारून झालेला हवा. सगळं गाव सणाला घरी असतं तेव्हा फुलवाल्याच्या घरी सण नसतो. दिवाळीचं अभ्यंगस्नान त्यांचं दुकान लावून झाल्यावर होतं. हे 'घर सांभाळून' होत नाही. घरच्यांनी फुलवालीला सांभाळून घ्यावं लागतं, आधी आईवडिलांनी आणि पुढे सासरच्यांनीही.

रात्रीच्या कामाची धास्ती वाटत असेल तर ती रास्त आहे. पण त्यावर उपाय आहेत: टीममध्ये आणखी किमान एक बाई हवी, परतीची गाडी मालकाची हवी आणि हॉलचा पत्ता घरी माहीत हवा. या तीन गोष्टी डेकोरेटरशी आधी बोलून घ्या.

कोर्सचं थोडक्यात. बीएस्सी उद्यानविद्येला प्रवेश परीक्षा लागते, आयटीआयला पुष्पोत्पादन आणि लँडस्केपिंगचा ट्रेड आहे, तळेगाव दाभाडेला हरितगृहाची छोटी प्रशिक्षणं होतात. तिन्ही चांगलं आहे, पण तिथे भर फुलं पिकवण्यावर असतो. तिला पॉलिहाऊस काढायचं असेल तर जरूर पाठवा. हार, बुके, स्टेज यांसाठी खासगी संस्थांचे आठ-दहा दिवसांचे महागडे वर्ग असतात. तिथे पैसे भरण्याआधी एवढंच विचारा की माल खरेदीला मंडईत नेता का. नाही म्हणाले तर परत या.

त्याऐवजी मी सांगेन ते तुम्हाला आवडणार नाही. डिपॉझिट बँकेत राहू द्या. तिला एक पूर्ण वर्ष, श्रावण ते आषाढ, पगारावर काम करू द्या. शक्यतो सध्याच्या ओळखीच्या माणसाकडे नको, कारण तिथे तिला 'साहेबांची मुलगी' म्हणून सावलीत बसवत असतील. या वर्षात तिला काय यायला हवं ते सांगतो.

पहिलं, माल टिकवणं. देठ धारदार सुरीनं तिरपा, दोन-तीन सेंटिमीटर कापायचा, लगेच पाण्यात घालायचा, आणि पाण्याखाली येणारी सगळी पानं काढायची. ती कुजली की जिवाणू वाढतात, देठाच्या नळ्या तुंबतात आणि गुलाब मान टाकतो. गिऱ्हाईक म्हणतं फूल शिळं होतं, पण पुष्कळदा बादली घाण असते. जरबेऱ्याला भरपूर पाणी दिलं तर त्याचा लवदार देठ सडतो. त्याला पाच-सात सेंटिमीटरच पुरे. कार्नेशनशेजारी पिकलेली केळी ठेवली तर त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं फूल मिटून जातं. आणि तुमचा तो काचेचा फ्रीज: गुलाबाला 2 ते 4 अंश मानवतात, त्याच थंडीत ऑर्किड आणि अँथुरियम काळवंडतात. एकाच फ्रीजमध्ये सगळं कोंबणाऱ्या नव्या दुकानात सगळ्यात महागडा माल आधी जातो. फोमची वीट पाण्यावर सोडून द्यायची, ती आपोआप बुडते. घाईनं हातानं दाबली की आतला गाभा कोरडा राहतो आणि ऐन रिसेप्शनला मधलीच फुलं माना टाकतात.

दुसरं, हिशेब. बहुतेक हौशी दुकानं इथेच बसतात. समजा डच गुलाबाचा 20 फुलांचा बंच 200 रुपयांना घेतला. दहा रुपयांना फूल, असा हिशेब मुलं करतात. पण त्यात तीन फुलं मोडकी किंवा डागाळलेली निघाली तर उरलेल्या 17 फुलांवर किंमत पावणेबारा रुपये झाली. त्यावर कागद, रिबिन, फोम, गाडीभाडं, बांधणाऱ्याची मजुरी, आणि न विकलेल्या बुकेचा वाटा. हे सगळं धरून भाव सांगायचा, आणि गिऱ्हाईक 'समोरचा शंभरात देतो' म्हणालं तरी चेहरा न बदलता सांगायचा. रोजचे मंडईतले भाव तिनं वहीत लिहावेत. त्या वर्षभराच्या वहीवर ती पुढच्या वर्षीची लग्नाची कोटेशनं देऊ शकेल. लग्नाच्या कामात निम्मी आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय मंडईत पाऊल टाकायचं नाही, कारण फुलं उधारीवर घेतली तरी आडत्याचे पैसे ठरल्या दिवशी द्यावेच लागतात.

तिसरं, हात. गुलाबाचा काटा खोल गेला आणि काही दिवसांनी तिथे गाठ आली तर हळद लावून बसू नये, डॉक्टरला दाखवावं. काट्यांतून बुरशीचा संसर्ग होतो. शेवंती आणि अल्स्ट्रोमेरियानं काहींच्या बोटांना इसब होतं. फुलांवर कीटकनाशकाचा अंश असतोच, म्हणून हातमोजे घालावेत आणि त्याच हातानं डबा खाऊ नये. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं.

वर्षानंतर तिला काम नकोसं झालं तर काहीही बुडालेलं नाही, ती विशीत असेल आणि बाजार ओळखत असेल. हवंसं वाटलं तर तेव्हाही मेन रोडचा गाळा लागेलच असं नाही. लग्नाची कामं करणाऱ्याला रस्त्यावरच्या काउंटरपेक्षा मागच्या गल्लीतली मोरी असलेली थंड खोली आणि टेम्पो उभा राहील एवढी जागा जास्त उपयोगी पडते, आणि भाडं बरंच कमी असतं. ते तिला ठरवू द्या.

राहिला स्थळांचा प्रश्न. 'फुलांचं काम करते' असं बायोडेटात सरळ लिहा. त्याखाली 'पहाटे साडेतीनला मंडईत जाते, सणाला घरी नसते' हेही लिहा. चौकशीचे निम्मे फोन कमी होतील, आणि जे येतील त्यांच्याशी बोलायला तुम्हाला सोपं जाईल.