सेन्सरचा आकडा वाचताना

भाऊ, घरच्या हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या स्क्रीनवर प्रदूषणाचा आकडा २१० दिसला म्हणून लगेच दारं-खिडक्या लावू नका. आधी शेजारचा आर्द्रतेचा आकडा बघा. हे स्वस्तातले लेझर सेन्सर धूळ तोलत नाहीत, कणांवरून प्रकाश किती विखुरतो त्यावरून अंदाज बांधतात. डिसेंबरच्या पहाटे आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी पिऊन फुगतात आणि पीएम २.५ (म्हणजे हवेतल्या अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचं प्रमाण) उगाच चढतं. सरकारी केंद्रावर हवा आधी कोरडी करून मग मोजतात, म्हणून सिव्हिल लाइन्स भागातल्या त्या केंद्राशी तुमचा पहाटेचा आकडा जुळणार नाही. दुपारचे आकडे ताडून बघा, तेही तासाची सरासरी घेऊन. हिवाळ्यात रात्री खरंच धूर खाली साचतो, तेव्हा सगळंच ओलाव्यावर ढकलू नका.

मे महिन्यात उलटं होतं. वावटळ येते, खिडकीच्या कठड्यावर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ बसते, अन् सेन्सर मात्र निवांत! जाड कण त्याला नीट दिसतच नाहीत. त्याच्या पीएम १० वर, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या आकड्यावर, मी तरी विसंबत नाही.

आणखी एक. आपल्याकडे पीएम २.५ ची घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा २४ तासांच्या सरासरीला आहे, मिनिटाच्या आकड्याला नाही. एक्यूआय हा हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक वेगळा, त्याची मायक्रोग्रॅमशी गल्लत नको.

अन् यंत्र स्वयंपाकघराच्या खिडकीपासून लांब टांगा, नाहीतर रोज फोडणीच मोजत बसाल. पंख्याच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं झालंय का, तेही अधूनमधून बघत जा.