सात वाजले की रडारड

प्रश्न : ताई, बाळ सहा आठवड्यांचं आहे, आम्ही धायरीला राहतो, नवऱ्याची हिंजवडीत नाइट शिफ्ट. संध्याकाळी सात वाजले की हा जो रडायला लागतो तो दहापर्यंत, पाजलं, ढेकर काढला, लंगोट बदलला तरी तेच. सासूबाई म्हणतात दूध पुरत नसेल. काल त्याला धरलेले माझे हात इतके आवळले गेले की मीच घाबरले, त्याला खाली ठेवलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. मी वाईट आई आहे का?

उत्तर : नाही गं. खाली ठेवलंस, तेच बरोबर केलंस. परत तसं झालं की पाळण्यात पाठीवर झोपव, आत उशी-पांघरूण नको, आणि सरळ बाल्कनीत जा, पाच-दहा मिनिटं, कोणाला तरी फोन लाव. तेवढा वेळ रडल्याने त्याला काही होत नाही, पण रागात गदागदा हलवलं तर होतं, कारण या वयात डोकं जड आणि मान लुळी असते, मेंदू कवटीत हिसकला जाऊन रक्तस्राव होतो, दृष्टी जाऊ शकते, जीवही. हे घरात बाळाला घेणाऱ्या प्रत्येकाला सांग, नवऱ्यालासुद्धा.

रडणं साधारण दुसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहाव्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, तीन-चार महिन्यांत ओसरतं. म्हणजे तू आत्ता सगळ्यात अवघड दिवसांत आहेस. दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतायत, वजन वाढतंय, तर दूध पुरतंय, सासूबाईंना हे शांतपणे सांग. मध, गुटी, धुरी काही नको, मध तर वर्षभर नाहीच. लाइट मंद कर, उघड्या छातीशी धर, फेऱ्या मार, पंख्याच्या घरघरीने किंवा तुझ्या गुणगुणण्याने काही बाळं शांत होतात, काही नाही होत, तो तुझा दोष नाही.

ताप 38 सेल्सिअस म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त, हिरवी उलटी, दूध न ओढणं, अंग ढिलं पडणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी लगेच डॉक्टरकडे, सकाळची वाट बघू नको.

आणि हे उदास वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं किंवा बाळाला, स्वतःला काही करावंसं वाटलं तर 14416 वर फोन कर, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. सात ते दहामधला एक तास सासूबाईंकडे माग, "आई, तुम्ही घ्या, मी पडते जरा" असं स्पष्ट म्हण, आणि आज सात वाजायच्या आत जेवून घे.