लॅब्रेडॉरला हंट टेस्टमध्ये उतरवावे का?

अमेरिकेतल्या मिनेसोटात बदकांच्या शिकारीवर दोन हंगाम चांगले काम केलेली तुमची लॅब्रेडॉर कुत्री हंट टेस्टमध्ये, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या कामाच्या परीक्षेत, उतरवावी का, आणि जी पाण्यातून पक्षी आणतेच आहे तिला प्रमाणपत्र हवे कशाला, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत असे की अवश्य उतरवा. मात्र प्रमाणपत्रासाठी नव्हे, तर दलदलीत तुमच्या नजरेतून जे निसटते ते दिसावे म्हणून.

शिकारीच्या वेळी आपले डोळे आकाशाकडे आणि हात बंदुकीवर असतात. बार होताच कुत्री आज्ञेची वाट न पाहता सुटली, तरी पक्षी मिळाल्याच्या आनंदात आपण तिकडे काणाडोळा करतो. तिने बदक काठावर टाकून अंग झटकले, तर आपणच वाकून ते उचलतो. हंगाम पुढे सरकतो तशा या सवयी पक्क्या होत जातात. मेलेले बदक काठावर टाकल्याने काही बिघडत नाही, पण केवळ पंख दुखावलेले बदक तेवढ्या क्षणात पुन्हा पाण्यात शिरते, बुडी मारून लव्हाळ्यात दडते आणि बहुधा हाती लागत नाही. जखमी पक्षी असा वाया जाऊ नये यासाठीच तर रिट्रीव्हर, म्हणजे पडलेला पक्षी शोधून आणणारा कुत्रा, बाळगायचा असतो, आणि म्हणूनच टेस्टमध्ये पक्षी थेट हातात देण्यावर परीक्षकांचा कटाक्ष असतो.

फील्ड ट्रायल आणि हंट टेस्ट यांत गल्लत करू नका. ट्रायलमध्ये कुत्र्यांची एकमेकांशी स्पर्धा असते आणि तिथली अंतरे प्रत्यक्ष शिकारीत क्वचितच वाट्याला येतात. सामान्य शिकाऱ्याच्या कुत्र्याला जोखता यावे म्हणून अमेरिकन केनेल क्लबने १९८५ मध्ये हंट टेस्ट सुरू केल्या. त्यांत कोणी कोणाला हरवत नाही. पक्षी पडल्याची जागा टिपणे व लक्षात ठेवणे, कामातील उमेद, चिकाटी आणि शिकवलेले पाळणे यांसाठी परीक्षक दहापैकी गुण देतात. प्रत्येक बाबीत किमान ५ आणि एकूण सरासरी ७ असली की कुत्रे उत्तीर्ण होते.

ज्युनियर, सीनियर आणि मास्टर अशा चढत्या तीन पातळ्या असतात. ज्युनियर पातळीवर जमिनीवर आणि पाण्यात एकेकटे पडणारे पक्षी आणायचे असतात. तुमच्या कुत्रीला ते जड जाऊ नये. खरा लाभ सीनियरच्या तयारीत आहे. तिथे एकामागून एक दोन पक्षी पडतात आणि एक आणेपर्यंत दुसऱ्याची जागा स्मरणात ठेवावी लागते. शिवाय ब्लाइंड असतो, म्हणजे कुत्र्याने न पाहिलेल्या पक्ष्यापर्यंत त्याला शिट्टीने थांबवत आणि हाताच्या खुणांनी वळवत न्यायचे. दुसरे कुत्रे काम करत असताना आपल्या कुत्र्याचे स्वस्थ बसून राहणेही तिथे पाहिले जाते. दोन मित्र आपापली कुत्री घेऊन एकाच आडोशाला बसतात तेव्हा या एका शिस्तीचे मोल किती आहे, ते तुम्हाला सांगायला नको. मास्टरसाठी मात्र जवळजवळ वर्षभर नियमित सराव लागतो. अनेक जण त्यासाठी कुत्रे महिनोन्‌महिने व्यावसायिक प्रशिक्षकाकडे ठेवतात. ज्याला कुत्रे शिकारीसाठी आणि घरासाठी हवे आहे, त्याने ते करावे असे मला वाटत नाही.

तुमच्या भागात हंटिंग रिट्रीव्हर क्लब या दुसऱ्या संस्थेच्या टेस्ट होत असतील तर त्याही पाहा. तिथे वरच्या पातळ्यांवर हँडलरलाच, म्हणजे कुत्र्याला आज्ञा देणाऱ्यालाच, बंदूक हाती घेऊन बिनछऱ्यांचे बार काढावे लागतात, त्यामुळे ते काम शिकारीच्या अधिक जवळचे वाटते.

आणखी एक कारण मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात शिकारी कुत्र्यांची परंपरा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरच्या भारतात वाढलेल्यांनी असे कुत्रे काम करताना क्वचितच पाहिले असेल. इथल्या शेजाऱ्याला जे वडिलांकडून मिळाले, ते आपल्याला क्लबातच शिकावे लागते. म्हणून नाव नोंदवण्याआधी एखाद्या टेस्टला पक्षी फेकण्याच्या मदतीला जा. मदतनीस सर्वांनाच हवे असतात, आणि तिथे उभे राहून एकामागून एक कुत्री पाहताना जे कळते ते पुस्तकातून कळत नाही.

तयारीत दोन गोष्टींकडे लक्ष द्या. टेस्टच्या मैदानात ई-कॉलर (दुरून विजेचा हलका झटका देणारा गळपट्टा) चालत नाही आणि खाऊचे आमिषही चालत नाही. कुत्रीचे ऐकणे त्यांवर अवलंबून असेल तर ती सवय आधी सोडवा. दुसरे असे की टेस्टमध्ये तेच मेलेले पक्षी पुन्हा पुन्हा वापरले जातात, त्यामुळे ते अनेक कुत्र्यांच्या तोंडून गेलेले, ओले आणि मळलेले असतात. ताज्या बदकांची सवय असलेली चांगली कुत्रीही त्यांना तोंड लावायला कचरते, तेव्हा असे जुने पक्षी देऊन सराव करून घ्या. हा सराव वसंतात सुरू केलात तर सप्टेंबरअखेर बदकांचा हंगाम उघडण्यापूर्वी उन्हाळ्यात ज्युनियर पूर्ण होऊ शकते. माजावर आलेल्या मादीला टेस्टमध्ये उतरवता येत नाही. म्हणून तारखांचा हिशेब प्रवेशिका भरण्यापूर्वीच करावा.